दोन्ही घरांचं एकच घड्याळ

सूयुनच्या डोक्याला आता खाजही सुटत नव्हती. पहिले पंधरा दिवस तिने पेन्सिलीचं टोक घालून पाहिलं, कंगव्याने ओरबाडून पाहिलं, नवऱ्याच्या, यीदेच्या हातापाया पडून "निदान ओल्या फडक्याने पूस रे" म्हणून पाहिलं. मग केसांनीच तिचा नाद सोडला. आता ते तिच्या डोक्यावर एखाद्या जुन्या टोपीसारखे नुसते बसून होते.

जुलैतलं तैपेई. पाचव्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर, लिफ्ट नाही, वर तापलेली गच्ची. आणि बाळंतिणीला वारा लागायचा नाही म्हणून खिडक्या बंद, पंखा बंद, पायात मोजे. महिनाभर डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही. महिना भरला की घरातल्या मोठ्या बाईने आल्याच्या उकळलेल्या पाण्याने केस धुवायचे, मग बाळंतीण सुटली. हे सूयुनला पाठ होतं आणि तिचा त्यावर फारसा विश्वासही नव्हता. तिच्या ऑफिसातल्या निम्म्या मुलींनी आठव्या दिवशी गुपचूप केस धुतले होते आणि त्यांची डोकी अजून जागेवर होती. पण सूयुनचा हट्ट वेगळा होता. तिचे केस तिची आई धुणार होती.

शहरात बाळंतिणींसाठी खास घरं असतात. नर्सा असतात, जेवण हातात येतं, मूल दुसरं कोणी सांभाळतं. यीदेने त्यातलं एक पाहूनही ठेवलं होतं. सूयुन म्हणाली, "कशाला? माझी आई येणार आहे." ऑफिसात म्हणाली, दवाखान्यात म्हणाली, खालच्या मजल्यावरच्या छाय काकूंना जिन्यात थांबवून सांगितलं. गरजेपेक्षा जरा मोठ्यानेच. हे वाक्य तिला आयुष्यात फारसं वापरायला मिळालं नव्हतं.

आई राहायची असुन्सिओनला. दक्षिण अमेरिकेत, पाराग्वाय देशात. सूयुन अकरा वर्षांची असताना आई, बाबा आणि दादा तिकडे गेले, बाबांच्या मित्राबरोबर कापडाचं दुकान काढायला. सूयुन वर्गात पहिली यायची, म्हणून तिला आत्याकडे ठेवलं. शाळा संपली की नेऊ, असं ठरलं होतं. शाळा संपली तेव्हा दुकान नीट चालत नव्हतं, आणि दुकान नीट चालायला लागलं तेव्हा सूयुनला नोकरी लागली होती. कोणी कोणाला फसवलं नव्हतं. तसं घडत गेलं, एवढंच. बाबा तर तिकडच्याच मातीत गेले.

जायच्या आधी बाबांनी तिला समजावून सांगितलं होतं. सणाचे दिवस होते, टेबलावर पपनस होतं. त्यांनी जेवणाची एक काडी घेतली आणि पपनसाच्या पोटातून आरपार घातली. "हे बघ, हे टोक म्हणजे आपण. आणि हे बाहेर आलं ना, ते असुन्सिओन."

"मग ते सगळ्यात लांब आहे," सूयुन म्हणाली.

"सगळ्यात लांब. ह्याच्यापेक्षा लांब जाताच येत नाही. ह्याच्यापुढे गेलं की माणूस परत जवळ यायला लागतो." बाबांना आपल्याच बोलण्याची मोठी गंमत वाटली. "आणि कुठल्याही दिशेने निघ, अंतर तेवढंच. म्हणजे वाट चुकायची भीतीच नाही, बेटा!"

मग सगळ्यांनी ते पपनस खाल्लं. काडीच्या भोकाशी ते जरा कडू लागत होतं.

त्या दोन गावांत आणखी एक गंमत होती. बरोबर बारा तासांचा फरक. इकडे सकाळचे सात, तर तिकडे आदल्या संध्याकाळचे सात. काटे जागचे हलवायला नकोत. तिकडचं सरकार उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करायचं, पण आई ते मानत नसे. दुकान सरकारच्या वेळेने उघडायचं, मनगट आपल्या वेळेने चालायचं. निघताना बाबांनी घेऊन दिलेलं ते छोटं चावीचं घड्याळ तिने इतक्या वर्षांत एकदाही पुढेमागे केलं नव्हतं. "माझ्या घड्याळात दोन्ही घरं आहेत," असं ती फोनवर अभिमानाने सांगायची. आणि रोज सातला फोन करायची. लहानपणी सूयुन शाळेचा गणवेश घालून फोनपाशी उभी असायची, आणि तिकडे आईच्या मागे तेलात काहीतरी चुरचुरत असायचं. एकीचा दिवस उगवायचा, दुसरीचा मावळायचा. दोघी एकमेकींना "जेवलीस का?" विचारायच्या आणि दोघींचं उत्तर "आता बसतेय" असायचं.

आईने तिकीट काढलं ते बाळंतपणाच्या तारखेच्या तीन दिवस आधी पोचायचं. पण बाळाला कोणाच्या तिकिटाची काय पडलीय! ते महिनाभर आधीच आलं. एवढंसं, लालबुंद, वाटाण्याच्या दाण्याएवढं, म्हणून यीदेने नाव ठेवलं दोउदोउ, म्हणजे दाणा. तिकीट बदलता येत नव्हतं. दादाने खटपट केली, शेवटी म्हणाला, "जमत नाही गं. पण बघ ना, महिना भरायच्या आदल्या दिवशी दुपारी चारला उतरतेय. केस धुवायला पोचते तुझी आई."

"पोचते तर," सूयुन म्हणाली. मनात तिने तेवढ्यावरच सगळं आवरून बांधलं. महिनाभराचं काही नको. ते एक केस धुणं मिळू दे.

सुरुवातीला सासूबाई आल्या होत्या च्यायीहून. तिळाच्या तेलात आलं परतून, तांदळाच्या दारूत शिजवलेली कोंबडी त्या इतकी जोरात वाढायच्या की ताटली टेबलावर आपटायची. पण बागेतली लोंगनची फळं उतरवायला आली आणि त्यांना परतावं लागलं. मग डब्यातलं जेवण यायला लागलं. यीदे बस डेपोत कामाला, त्याच्या पाळ्या उलटसुलट. दिवसचे दिवस सूयुन आणि दाणा, दोघीच. दाणा झोपली की घर इतकं गप्प व्हायचं की लाल बोरांचा चहा गळ्याखाली उतरताना ऐकू यायचा.

छाय काकू डबा वर आणून द्यायच्या, आणि त्याचं भाडं वसूल केल्यासारखं विचारायच्या, "काय गं, निघाली का आई? की पायी येतेय?"

"तिकीट परवाचं आहे काकू."

"बरं बरं. नाही, म्हटलं, पोराचं लग्न व्हायच्या आत आली म्हणजे झालं."

"मुलगी आहे काकू."

"मग मुलीच्या लग्नाच्या आत!" आणि त्या खिदळत जिना उतरायच्या. सूयुनलाही हसू यायचं. डबा उघडताना मात्र ते टिकायचं नाही.

आई निघाली त्या दिवशी सूयुनने फोनवर नकाशा लावून ठेवला. आधी साओ पावलो, मग दुबई, मग तैपेई. वीस हजार किलोमीटर. नुसतं हवेतच एक दिवस आणि वर तासभर, मधलं बसणं वेगळं. नकाशावर ती वाट एखाद्या ओल्या केसासारखी वाकडी पडली होती. साओ पावलोहून आईने वहिनीला फोन केला, वहिनीने इकडे कळवलं. सगळं ठीक, एक केक खाल्ला, कॉफी कडू होती. वहिनीने तिला विमानांच्या वेळा मोठ्या अक्षरांत लिहून दिल्या होत्या आणि बॅटरी जपायची म्हणून फोन बंद ठेवायला सांगितलं होतं. त्यानंतर काही नाही. नकाशावर विमानाचा ठिपका आफ्रिकेवरून सरकत राहिला आणि सूयुन दाण्याला दूध पाजत त्याच्याकडे बघत राहिली. "ती बघ आजी," ती दाण्याला म्हणाली. "वाळवंटावर आहे. तिथून आपलं घर दिसत नाही."

ठरल्या दिवशी यीदे मित्राची गाडी घेऊन विमानतळावर गेला. सूयुनने आलं किसून नाही, ठेचून ठेवलं. आई ठेचायची, असं तिला आठवत होतं. मग मोजे बदलले. आईशी पहिलं वाक्य काय बोलायचं ते ठरवलं, खोडलं, पुन्हा ठरवलं.

साडेचारला यीदेचा फोन आला. "उतरलंय विमान. माणसं बाहेर येतायत."

पाचला आला. "अजून नाही. बॅगा येत असतील."

पुढचा फोन वाजला, तो तिने लगेच उचलला. "यीदे?"

"सगळे गेले गं. आता विमानातले कर्मचारीसुद्धा बाहेर पडले. मी चौकशी केली. त्या विमानात बसल्याच नाहीत त्या."

सूयुनच्या कानात बाबांचं ते वाक्य वाजत होतं, वाट चुकायची भीतीच नाही, आणि बाबांचा तिला इतक्या वर्षांत पहिल्यांदा राग आला.

तेवढ्यात दुसरा फोन वाजायला लागला. अनोळखी नंबर.

"सूयुन?" आईचा आवाज, शेजारच्या खोलीतून यावा इतका स्पष्ट. "तू रागवू नकोस. मी दुबईतच आहे."

"काय झालं? बरं नाही का तुला?"

"मला काय धाड भरलीय! बरी आहे. गाढव आहे, पण बरी आहे." आईच्या आवाजात हसू होतं, पण ते नीट उभं राहत नव्हतं. "अगं, उतरले तेव्हा पाच वाजले होते. विमान चारचं. म्हटलं, अकरा तास आहेत, पडावं जरा. छान झोपले. उठले, तोंड धुतलं, तीनला शहाण्यासारखी तासभर आधी जाऊन उभी राहिले. तर ती काउंटरवरची पोर म्हणते, आजी, कुठलं विमान? ते तर तुमच्या गावाला टेकायला आलं."

"आई, तू घड्याळ..."

"हो ना गं." मागे विमानतळाचा गलका चालू होता. "ह्याला काय, दोनच गावं माहीत. मधलं कुठलंच कळत नाही ह्याला. इथे तेव्हा रात्रीचा एकच वाजला होता. मी कधी बदललंच नाही ना. बदलायचं असतं, हे लक्षातच राहिलं नाही."

पोरगी चिनी बोलणारी निघाली, तिनेच स्वतःचा फोन दिला होता. दुसऱ्या दिवशीच्या विमानात जागाही मिळाली. तेच चारचं विमान. आई म्हणाली, "चोवीस तास आता डोळा लावत नाही, बघच तू." मग हळूच, "उद्या महिना भरतोय ना?"

"उद्याच."

"सासूबाईंना सांग धुवायला. थांबू नकोस माझ्यासाठी. ऐकलंस?"

"ऐकलं," सूयुन म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई पहिल्या गाडीने आल्या. सोबत महिना भरल्याच्या समारंभासाठी तेलभाताची मोठी पातेली, लाल रंगवलेली अंडी, यीदेचे दोन काका आणि एक काकू. येताच त्यांनी बंद खिडकीकडे, मग सुनेच्या डोक्याकडे पाहिलं. "अगं बाई, हे काय! चल, पाणी उकळते. लोक यायच्या आत धुऊन टाकू."

"अहो आई, संध्याकाळी... माझी आई आली की."

सासूबाईंचा हात जागच्या जागी थांबला. "म्हणजे माझ्या हाताला काय काटे आहेत?"

"तसं नाही हो."

"तसं नाही तर कसं? पाहुण्यांसमोर असं तेलकट डोकं घेऊन बसणार? लोक म्हणतील, सासूने महिनाभर पाणी दाखवलं नाही."

"लोक म्हणोत. मी टोपी घालते."

सासूबाईंनी पातेल्याचं झाकण जरा जोरातच ठेवलं.

पाहुणे आले. दाण्याच्या डोक्यावरून उकडलेलं अंडं फिरवलं, यीदेच्या काकूंनी शुभ बोलणी बोलली, सगळे हसले. शेजाऱ्यांकडे तेलभाताचे डबे गेले. छाय काकू स्वतःच डबा घ्यायला वर आल्या, आणि एकदा खोलीभर नजर फिरवून म्हणाल्या, "आणि आजोळचं काय आलं? टोपीपासून मोज्यांपर्यंत सगळं आजोळचंच लागतं म्हटलं आजच्या दिवशी."

सूयुनला वाटलं, ही गच्ची आत्ता खाली आली तर किती बरं होईल.

"आलंय की," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी पिशवीतून एक लाल खोका काढला. आत टोपी, अंगडं, लंगोट, मोजे, सगळं नवंकोरं. "विहीणबाईंनी आधीच पाठवलंय माझ्याकडे. म्हणाल्या, विमानाचा भरवसा नाही." आणि सगळ्यांसमोर त्यांनी ते दाण्याला घातलं. खोक्याच्या तळाशी च्यायीच्या बाजारातल्या दुकानाची चिठ्ठी चिकटली होती. ती सूयुनला दिसली, सासूबाईंनाही दिसली. त्यांनी अंगठ्याने ती खरवडून काढली आणि मुठीत ठेवली.

दुपारी पाहुणे गेले. सासूबाईंनी आल्याचं पाणी मोठ्या पातेल्यात उकळून झाकून ठेवलं आणि पदर नाही तरी पदर खोचल्यासारख्या कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "मी पाचच्या गाडीने जाते."

"अहो आई, राहा ना. भेट होईल."

"पुढच्या वेळी. मी इथे बसले तर तुम्ही दोघी माझ्याशीच बोलत बसाल." दारात बूट घालताना त्या वाकूनच म्हणाल्या, "पाणी नुसतं गरम करायचं. कडत नको, आणि टाळूला हळू चोळायला सांग."

सहा वाजून गेल्यावर जिन्यात पावलं वाजली. प्रत्येक मजल्यावर ती थांबत होती. सूयुन दार उघडून उभी राहिली, दाण्याला छातीशी धरून. आधी यीदे दिसला, दोन्ही हातांत बॅगा. मग त्याच्या मागे आई. फोनच्या पडद्यावर होती त्याहून बरीच लहान. पाय सुजून बुटांच्या बाहेर आलेले, केस एका बाजूने चपटे.

सूयुनने ठरवलेलं वाक्य तोंडात होतं.

आईने आधी खाली पाहिलं. "मोजे कुठायत तुझे?"

"महिना भरला आई, सकाळीच."

"हं." आई आत आली. दाण्याकडे तिने बराच वेळ पाहिलं, हात मात्र लावला नाही. "आधी हात धुते. सगळ्या जगाच्या खुर्च्यांना लागलेत."

यीदे गाडी परत करायला गेला. आईने बॅग उघडली आणि तळातून एक टोपी काढली, तिकडच्या बायका विणतात तसली, कोळ्याच्या जाळ्यासारखी पातळ. दाण्याच्या अंगावरचे लाल कपडे तिने पाहिले. "हे कोणी दिले?"

"तूच पाठवलेस," सूयुन म्हणाली. "सगळ्यांना तसंच माहीत आहे."

आईने ते समजून घ्यायला जरा वेळ घेतला. मग तिने विणलेली टोपी घडी करून दाण्याच्या उशीखाली सरकवली. "चांगली बाई आहे," ती म्हणाली.

सूयुन पाणी तापत ठेवायला स्वयंपाकघरात गेली. गॅस लावला, टॉवेल काढला, खुर्ची मोरीजवळ नेली. बाहेर येऊन पाहते तर आई सोफ्यावर बसल्या बसल्या झोपली होती. तोंड किंचित उघडं, मांडीवर पर्स, दोन्ही हातांनी घट्ट धरलेली, जशी अनोळखी गावात धरतात. सूयुन तिच्यासमोर जमिनीवर बसली. ह्या बाईला झोपलेलं तिने शेवटचं कधी पाहिलं होतं? फोनवर माणूस नेहमी जागंच असतं. कपाळावर एक वण होता, तो तिच्या माहितीचा नव्हता. डाव्या हाताचं एक नख काळं पडलं होतं. विचारायचं तर किती विचारायचं, आणि कुठून सुरू करायचं? आई एका हाताच्या अंतरावर होती आणि सूयुनला सवयीने फोन उचलावासा वाटत होता.

आत पाणी उकळायला लागलं. तिने गॅस बंद केला. पाणी गार होत गेलं. तिने आईला उठवलं नाही.

दाणा रडली तेव्हा आई दचकून जागी झाली आणि आधी मनगटाकडे पाहिलं. "सात! कुठले सात? इकडचे की तिकडचे?"

"दोन्हीकडचे," सूयुन म्हणाली.

आईने घड्याळ काढून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं. मनगटावर त्याच्याखाली पांढरा पट्टा होता, बाकी हात उन्हाने रापलेला. "चल," ती म्हणाली, "पाणी कुठाय?"

दाण्याला पाजून निजवलं, पाणी पुन्हा तापवलं. सूयुन खुर्चीवर बसून मोरीवर वाकली. आईने कोपर बुडवून पाणी पाहिलं, पहिलं भांडं ओतलं, आणि तिची बोटं केसांत शिरली. जोरात. अकरा वर्षांच्या मुलीचं डोकं धरावं तशी, कान वाकवून.

"मान खाली. अजून खाली. किती दाट झालेत गं हे!"

आल्याचा वास नाकात चढला. सूयुनने डोळे मिटले.

आईची बोटं मानेपाशी थांबली. "हा तीळ कधी आला?"

तो जन्मापासून होता. आत्या नेहमी सांगायची, तुला न्हाऊ घालताना तुझ्या आईनेच तो सगळ्यांच्या आधी पाहिला.

"नंतर आला, आई," सूयुन पाण्याखालून म्हणाली.

"तेच म्हटलं." आईचा आवाज हलका झाला. "नाहीतर मला आठवला असता." आणि तिने दुसरं भांडं भरून घेतलं.